चौसष्टावा खाना

दिवसभर मी लोकांच्या कानांत यंत्रं बसवते
रास्ता पेठेतल्या दवाखान्यात, काचेच्या खोलीत.
शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. उजवा. आता डावा.
रात्री घोरपडीत, ओटा पुसून झाला की
त्याच लॅपटॉपवर
एका इंजिनाचा गळा तयार करते.

वीतभर लांबी. एकास सत्त्याऐंशी.
पोटात नखाएवढा डिकोडर, त्यात खाने,
प्रत्येक खान्यात एक आकडा,
शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत कुठलाही.
तिसरा खाना : निघताना किती आढेवेढे घ्यायचे.
चौथा : थांबताना किती.
चौसष्टावा : वेग कितीवर आला
की ब्रेकने किंचाळायला लागायचं.

बाबा समोर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत.
डिझेल शेडमध्ये बत्तीस वर्षं फिटर.
कानांत कापसाचे बोळे, तेही साहेब फेरीला आला तर.
धडधड त्यांना अजून पोचते, ती खालच्या पट्टीतली.
"दुसऱ्या नॉचला जरा अडखळू दे," म्हणतात,
"अल्को अशी विचारल्याबरोबर बोलत नाही."
मी अडखळवते.
मान डोलते.

मग थांबवते.
चाकं किंचाळतात, अगदी खऱ्यासारखी.
खालच्या मजल्यावर नरोन्हा बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकतात.
बाबा म्हणतात, "ब्रेकचा आवाज टाकायचा राहिला का गं?"

आवाज एकशे ऐंशी.
दांडा.
दोनशे चाळीस.
दांडा, दांडा.
"राहिला का?"

त्यांचा आलेख मीच काढलेला.
चार हजार हर्ट्झला रेघ उतरते,
खंडाळ्याचा उतार बरा.
त्या दरीत काय काय पडलंय :
सगळे 'स' आणि 'श', दूध उतू जातानाची चर्र,
माझ्या लेकीचे पैंजण,
आणि त्यांनीच हातांनी बसवलेल्या
हजारभर ब्रेकांची किंचाळी.
कानातलं यंत्र देव्हाऱ्याच्या खणात, वातींशेजारी.
"त्यात सगळंच येतं गं," म्हणतात. "पंखासुद्धा."

एका रात्री मी लबाडी केली.
किंचाळी दोन सप्तकं खाली ओढली
त्यांना पोचेल अशा पट्टीत.
गाडी थांबली. बाबांनी ऐकलं, नक्की ऐकलं.
बराच वेळ बघत राहिले.
"म्हैस कुणाची आणलीस?"

पुसलं ते सगळं.
आम्ही हसलो, खालून दांडा आला,
तेवढ्यात ते उठून प्लायवूडपाशी गेले
आणि रुळाशेजारी तळहात टेकवला.
"अंथोनीस्वामी कान नाही लावायचा.
रुळाला टाच लावून उभा राहायचा.
आवाज काय, कुणीही करतो. चालव."

चौथ्या खान्यात चाळीस. "हा ब्रेक नाही, ही भिंत."
शंभर. फलाट ओलांडून इंजिन
माझ्या चहाच्या कपावर आदळलं. "आणि हा संप."
साठ. नव्वद. ऐंशीला म्हणाले, "हां, पण डबे रिकामे आहेत."
सव्वा अकरा वाजले. लेक कधीच झोपलेली.
आवाज मी वीसवर आणून ठेवला होता,
नरोन्हा बाईंच्या वयाला मान म्हणून.

पुन्हा एकदा सोडलं.
वळण, सिग्नल, फलाटाची कड,
डोळे मिटलेले, तळहात तसाच,
आणि जिथे मला जेमतेम एक बारीक किंचाळी ऐकू आली
तिथे, मी काहीही न सांगता,
त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

चौथ्या खान्यात आता अठ्ठ्याहत्तर आहे.
लिहून ठेवलंय,
त्यांच्या आलेखाच्या कागदावर, मागल्या बाजूला.