नोंदवहीतली दुरुस्ती

मालाडच्या खाजणात आमचा मनोरा उभा होता
आणि त्याच्या पायाखाली, चिखलात,
तांब्याच्या एकशेवीस तारा
पोरांनी काढलेल्या सूर्यासारख्या पसरलेल्या.
लोकांना वाटतं रेडिओ हवेतून येतो.
अर्धा चिखलातून येतो.
ओल जितकी खारट तितका आवाज लांब,
हे दवणेसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं
आणि गमबूट दिले, दोन नंबर मोठे.

पहाटे पाच पन्नासला वाहक लहर सोडायची.
म्हणजे नुसती शांतता,
पण आमची.
कोळीवाड्यात कुणी सेट कानाशी धरून बसलेला असायचा,
त्याची खरखर थांबायची,
तीच दिवसाची पहिली बातमी.
मग सनई, मग अभंग, मग समुद्राचं हवामान,
मग दुधी पडला, गवार चढली.

दुपारी कामगारांसाठी अर्धा तास:
बॉयलरजवळ घ्यायची काळजी,
आणि लगेच एक लावणी,
कारण काळजी फार वेळ ऐकवत नाही.
गिरण्या बसल्या त्या वर्षीही तो अर्धा तास तसाच राहिला.
थंड बॉयलरांची काळजी आम्ही घेत होतो.

कुंपणापलीकडच्या फिलोमिना कोरियांनी तक्रार केली
की कपडे वाळत घालायची गंजकी तार
रात्री बारीक आवाजात बातम्या देते.
दवणेसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला.
म्हणाले, तारेचं लायसन्स काढायला सांगा.

निवेदिका टिपणीसबाई चर्चगेटला बसायच्या, मी इथे.
मध्ये टेलिफोनची एक लाइन.
त्यांना मी कधी पाहिलं नाही,
पण पान उलटताना त्या जीभ टाळूला लावायच्या,
तेवढं टिच्च माझ्या सुईला दिसायचं.

मंगळवारी संध्याकाळी 'हरवले आहेत'.
एका मंगळवारी:
नाव प्रभाकर. वय चौतीस. रंग सावळा.
अंगात निळा सदरा.
डाव्या भुवईवर व्रण. बोलताना अडखळतो.

इथे सुई पडली.
एक.
दोन.
तीन.
चार.

मग पत्ता, नेहमीच्या आवाजात.
आणि सगळ्यात शेवटी,
जे नावाबरोबरच यायला हवं होतं ते आडनाव:
टिपणीस.

नियम असा की तीन सेकंदांवरची शांतता
कारणासकट नोंदवायची, कुणाची चूक तेही.
मी लिहिलं: सात बेचाळीस. चार सेकंद. लाइन खराब.
टेलिफोनवाल्यांनी गोरेगावपर्यंत दोन दिवस खड्डे खणले
आणि एका जागी तार खरोखरच कुजलेली निघाली.
मला शाबासकीचं पत्र आलं.

पुढच्या मंगळवारी, लाल दिवा लागायच्या आधी,
त्यांचा रोजचा प्रश्न:
मालाड, ऐकू येतंय?
येतंय.
सगळं?
मी म्हटलं, सगळं.

प्रभाकर सापडला का, ते मला माहीत नाही.
सापडलेल्यांचा कार्यक्रम आमच्याकडे नव्हता.

आता मनोरा उतरवलाय.
चिखलातून तांबं उपसतायत, किलोच्या भावाने,
वह्याही निघाल्यात.
मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो.
ते पान शोधायला दुपार गेली.
'लाइन खराब'वर रेघ मारली,
बाजूला लिहिलं: लाइन ठीक होती.
सही केली, तारीख घातली, आजची.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.

वही दोन किलो शंभर भरली.
तांब्याला वेगळा काटा होता.