फुगवटा

आमच्याकडे समुद्र नाही.
जो आहे तो पाटबंधारे खात्याचा.
त्याला भरती येते नाशिककडे धो धो झाल्यावर, दोन दिवसांनी,
आणि ओहोटी ठरते कालव्याच्या बैठकीत.
तरी पैठणच्या वरच्या अंगाला जाऊन उभं राहिलं
की किनारा म्हणजे किनाराच:
चिखल, शिंपले, मेलेल्या माशाचा वास,
आणि पश्चिमेला काही म्हणता काही आडवं न येणं.

रविवारी मेडिकल दोनला बंद करते.
स्कूटीच्या डिक्कीत टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा,
बिडकीनच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून हप्त्यानं घेतलेला.
पहिल्या दिवशी उघडून पाहिलं तर कार्डात
कुणाच्या तरी हळदीचे अकरा फोटो.
ते मी पुसले नाहीत.
त्यांच्यापुढेच माझे पक्षी सुरू होतात:
पिवळी नवरी, पिवळी नवरी, डोळे मिटलेली करवली,
आणि मग एकदम गाळात उभा शेकाट्या,
सुट्टीत अचानक उंच झालेल्या पोरासारखा,
पायांचं काय करावं ते न कळलेला.

चार हिवाळ्यांत सहाशे बारा मावळती.
जाऊबाई विचारतात, कालच्यात आणि आजच्यात फरक काय?
काल उजवीकडे नदीसुरय होता.
आज नाही.
याहून मोठा फरक मला दाखवता येत नाही.

रोहित उठले तेव्हा मी बॅटरी बदलत होते.
आधी नुसता आवाज, सतरंजी झटकल्यासारखा,
मग वर पाहिलं तर आभाळाची एक बाजू
आतून गुलाबी होऊन निघून चालली होती.
कोल्हा एकदाच दिसला, गाळपेरातल्या कलिंगडांत.
फोटोत फक्त शेपटी आली आहे
आणि एक फुटलेलं कलिंगड, फार स्पष्ट.

माघातल्या एका रविवारी
कौतिकाबाई लिंबोरे थर्माकोलच्या तराफ्यावरून उतरल्या,
जाळं खांद्यावरून टाकलं, कमरेवर हात ठेवले.
‘कव्हाची बगू ऱ्हायले. पाखरायचे काढतीस,
मपला एक काढ की.
सोसायटीच्या कार्डाला पायजे. दोन कॉप्या.’

माझी लेन्स लांबची.
जवळचं माणूस तिच्यात मावत नाही.
‘थांबा,’ म्हटलं, आणि मागे सरकत गेले.
पाच पावलं: नुसतं नाक आणि चमकी.
आठ: एक डोळा, अर्धं कुंकू.
अकराव्याला घोटा बुडाला, सँडल गाळानं ओढून घेतली.
‘अगं बुडशीन!’ त्या हसत सुटल्या,
आणि हसता हसता चौकटीत बसल्या,
पदर, गळ्यातली काळी पोत, सगळ्यासकट.
तेव्हा कळलं, मावळतीकडे माझी पाठ आहे.
चार वर्षांत पहिल्यांदा.
ती माझ्या खांद्यावरून जाऊन
त्यांच्या तोंडावर पडली होती,
गालाच्या सुरकुतीत थोडी साचली होती.

फोटो चालला नाही.
बाबू म्हणाला, मागं पांढरं पायजे,
आणि हा बगळा कोण?
मी पाहिलाच नव्हता तो बगळा,
त्यांच्या कानाशी, बाभळीच्या खोडावर,
मान आखडून, आपलीही कॉपी निघणार असल्यासारखा.

कौतिकाबाईंनी मग स्टँडसमोर
तीस रुपयांत दुसरा काढला,
त्यात त्या कुणावर तरी रागावल्यासारख्या दिसतात.
माझा त्यांनी परत दिला नाही.
पैसे विचारले. नको म्हटलं.
‘फुकटाचं मला नको,’ म्हणाल्या,
आणि डिक्की स्वतः उघडून
दोन चिलाप्या टॉवेलात बांधून ठेवल्या.

टॉवेल तीनदा धुतला.
वास गेला नाही.
कॅमेरा त्यातच गुंडाळते.