चुरी

मोठा माल ट्रकनं गेला,
क्रेटमधून, वर तणसाचा थर देऊन, दूरच्या बाजाराला.
मागं राहिली ती चुरी:
लिंबाएवढी, डागाची, एका आंगानं हिरवी,
व्यापाऱ्यानं पायानं बाजूला सरकवलेली.
तिचीच आम्ही वाईन करतो.

शेड म्हणजे आमचा गोठाच.
गव्हाणी काढल्या, फरशी टाकली,
परवान्याचा कागद काचेच्या चौकटीत बसवला
आणि जिथं बैलांच्या झुली टांगायचो त्याच खिळ्याला लावला.
स्टीलची तीन पिंपं. चौथं निळं, प्लास्टिकचं,
ते पाहुण्यांना दाखवत नाही.

सोलायला मायच्या हाताखाली सहा जणी.
साल वेगळी, शिरा वेगळ्या, बी तर एकही नको.
बी चिरडली की वर्षभराचं कडू.
हे मी पुस्तकात नंतर वाचलं.
माय म्हणते, तुह्या आजीनं सरबताच्या वक्ती
माह्या हातावर पळी हानली होती याच्यासाठी.

माय घेत नाही. थेंबसुद्धा नाही.
पण पिंपाला कान लावते,
तापल्या लेकराच्या छातीला लावावा तसा,
पदर खोचून, डोळे मिटून,
आणि सांगते, "बोलू राह्यलं अजून."
माझ्याकडे काचेची नळी आहे, आकड्यांची.
नाशकाला तीन महिने राहून शिकलोय ती वाचायला.
नळी म्हणते, झालं.
माय म्हणते, थांब नं बाप्पा.

त्या साली नागपूरचा एक हॉटेलवाला आला.
ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला,
विचारलं, मागून चव कसली येते ही?
दादा म्हणाला, मातीची.
मी म्हणालो, मधाची.
दोघंही खोटं. चुरीची येते.
मार्चच्या आत दोनशे बाटल्या पाहिजेत, म्हणाला.

माय तेव्हा मावशीच्या गुडघ्यापायी अमरावतीला.
तिसऱ्या पिंपाला कान लावायला कोणी नव्हतं.
मी लावला. खरंच लावला.
मला माझंच रक्त ऐकू आलं.
नळी म्हणाली, झालं.
रात्रीतून एकट्यानं बुचं ठोकली.
हॉटेलवाल्यानं शंभरच नेल्या.

मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांच्या एका रात्री,
कूलरमधलं पाणी संपून नुसताच पंखा खडखडत असताना
शेडमधून आवाज आला.
एक. बराच वेळ काही नाही.
मग तीन.
दादा काठी घेऊन धावला, त्याला वाटलं वानेरं.
टॉर्च मारला तर
भिंतीवर फेस, परवान्यावर फेस, पत्र्यावरून ठिबकणारा फेस,
आणि वास असा
की भर उन्हाळ्यात आंबिया बहर फुटला असावा.

माय आली. काचांमधून जपून पाय टाकत.
वाटलं, आता सुरू होईल.
ती कोपऱ्यातल्या पालथ्या टोपल्यावर बसली,
उरलेल्या बाटल्यांकडे कान करून.
दादा आणि मी
धुऱ्यावरून दिवाळीपासून एका पंगतीला न बसलेले,
दोन टोकांकडून पाणी मारत होतो,
काचा वेचत होतो,
मध्ये येऊन भिडू नये एवढं अंतर राखून.

"बूच कोणं लावलं?"
एवढंच विचारलं तिनं.
"म्या," दादा म्हणाला.

त्यानं नव्हतं लावलं.
माझ्या हातातला खराटा तसाच राहिला.
मायनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग टॉर्च विझवला. सेल जाते उगाच, म्हणाली.

अंधारात आणखी एक फुटली.
मी उठायला लागलो तर हात धरून खाली बसवलं.
"राहू दे. बोलू दे तिले."

तिघंही बसून राहिलो ओल्या फरशीवर.
पायाचे तळवे चिकट झालेले.
कोंबडा आरवायच्या थोडं आधी
दादानं घसा खाकरला
आणि धुऱ्याचा विषय काढला.