पट्टी

मोहाची फुलं वाळत होती अंगणात.
बकऱ्या शिरू नयेत म्हणून
सगळे भोवतीनं बसलेले.
तीच त्यांची बैठक.
मला वाटलं होतं, माझ्यासाठी वेगळं काही मांडलं असेल.

मोलगीपासून दीड तासाचा चढ,
निवृत्तीनंतरचे गुडघे, पिशवीत राजगिऱ्याचे लाडू.
माफी मागायला जाताना
माणूस काय नेतो, मला ठाऊक नव्हतं.

नियम एकच, आठ्यानं सांगितला:
पट्टी ज्याच्या हातात, त्यानं बोलायचं.
इतरांनी ऐकायचं.
पट्टी म्हणजे माझीच.
सागवानी, फूटभर, एक कोपरा तुटलेला.
आश्रमशाळा हलली तेव्हा फुगरीनं उचलून नेली,
बावीस वर्षं तिनं
जात्याभोवतीचं पीठ ओढलं.
कड झिजून गुळगुळीत झालीय.

फुगरी.
हजेरीत मी फुलवंती लिहिलं होतं,
आणि पेन पुढच्या नावाकडे गेलं होतं.

दमण्या बोलला जंगलखात्याच्या कुंपणाबद्दल, बराच वेळ.
एक म्हातारी पट्टी नुसतीच धरून बसली, मग पुढे दिली.
रेहमी म्हणाली, मला पाढे आवडायचे.
अजून आवडतात.
मग फुगरी. माझ्यासाठी मराठीत:
"तक्त्यावर बाई होती, कडेवर पोर.
मॅडमनी विचारलं, ही कोण?
मी म्हटलं, याहा.
मॅडम म्हणाल्या, आई.
मी परत म्हटलं, याहा."
पुढचं तिनं सांगितलं नाही.
पट्टी माझ्या हातात दिली.

पिठाचा वास होता तिला.

घरून पाठ करून आणलेली वाक्यं होती,
शुद्ध, अनुस्वारासकट.
डी.एड.ला पुण्यात मी एकदा विचारलं होतं, "कथा जास?"
अख्खी खोली हसली.
त्या रात्री मी माझी अहिराणी
ट्रंकेच्या तळाशी घातली
आणि वर वर्तमानपत्र अंथरलं.
इतक्या वर्षांनी तीच वर आली:
"मन्ही चूक व्हयनी, फुगरी."

कोणी काही बोललं नाही.
बोलणार कसं, पट्टी माझ्याकडे.
मी ती दोन्ही हातांत धरून उभी राहिले,
का उठले कळेना,
तेवढ्यात माझ्या बाजूनं एक बकरी घुसली
आणि फुलांत तोंड घालून मोकळी झाली.

"जागा सोडू नका, मॅडम,"
हातात पट्टी नसताना फुगरी म्हणाली,
"तिकडूनच शिरतात."