हातून

हॉलमध्ये नऊ खुर्च्या, गोल मांडलेल्या.
हीटर एकच, तोही दाराकडे तोंड करून.
जॅनेलनं घरून खजूर घातलेले स्कोन आणले होते,
कुणी शिवलं नाही.
मध्यस्थ बाईंनी नियम सांगितले:
एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

कॉर्बननं खिशातून कागद काढला.
वय सतरा, मानेवर वस्तऱ्याचा ताजा ओरखडा,
शर्ट बापाचा असावा, बाह्या बोटांवर आलेल्या.
वाचू लागला:
"त्या संध्याकाळी गाडीचा वेग जास्त होता.
वळणावर खडी होती. गाडी घसरली.
श्री. इहाया तेपाना यांना दुखापत झाली.
जे घडलं त्याचं मला वाईट वाटतं."

एकतीस वर्षं मी व्याकरण शिकवलं
माताउरा नदीकाठच्या शाळेत, मेंढ्यांच्या वासाच्या वर्गात.
याचा बापही होता, शेवटच्या बाकावर.
कर्ता झाकूनही वाक्य उभं राहतं, मला ठाऊक आहे.
दुपारचं उजाडतं. सांजावतं. गाडी घसरते.
पण स्टिअरिंग?
पण मागच्या सीटवरचे तिघे,
ज्यांना तुझ्या कच्च्या लायसन्सवर बसवायची परवानगीच नव्हती?
पण काचेला चिकटवलेला तो चालू फोन,
ज्यात तुझाच आवाज आहे, हसरा:
"बघा आता"?

बघतोच आहोत, पोरा. जूनपासून.

इहाया टपालपेटीपाशी उभा होता. वीजबिल आलं होतं.
ते नंतर सापडलं, कुंपणाच्या तारेत, न फोडलेलं.
उजव्या हातात आता पाच पिना, एक पट्टी.
याच हातानं तो दिवसाला तीनशे मेंढ्या कातरायचा.
लोकर एकसंध उतरायची,
झोपलेल्या मुलाच्या अंगातून स्वेटर काढावा तशी.
आता त्याच्या बुटाच्या नाड्या मी बांधते.
तेवढा वेळ तो छताकडे बघतो.

"परत सांग," मी म्हणाले. "कागदाशिवाय."
इन्व्हरकार्गिलहून आलेला वकील खुर्चीत पुढे सरकला.
जॅनेलनं त्याच्या बाहीवर बोट ठेवलं. नुसतं एक बोट.
तो मागे टेकला.
त्या घराच्या खात्यावर माझ्याकडे एवढंच जमा आहे.

पोरगा कागदाची घडी घालत राहिला, मग म्हणाला,
"माझ्या हातून घडलं."

तेव्हा इहाया पहिल्यांदा हलला.
कोटाच्या खिशातून हात काढला,
टेबलावर ठेवला, स्कोनच्या ताटलीशेजारी,
एखादं अवजार दुरुस्तीला टाकावं तसा.
"हातून?" तो म्हणाला.
"हातून काय काय घडायचं ते मला विचार."

हीटरची घरघर.
कॉर्बनला दुसरीकडे कुठे बघायला जागाच उरली नाही.
मग आवाज फुटला, अर्धा पोराचा, अर्धा बाप्याचा:
"मी. मी मुद्दाम घसरवली. व्हिडिओ चांगला यावा म्हणून.
तुम्ही दिसला होतात मला.
वाटलं, जमेल."

वकिलानं फाईल मिटली.
मला कर्ता असलेलं वाक्य हवं होतं, मिळालं.
ते घरी नेऊन ठेवायचं कुठे, हे नियमांत नव्हतं.

कोर्टानं जे द्यायचं ते दिलं, तो हिशोब वेगळा.
शनिवारी तो आमच्याकडे येतो,
लायसन्स गेलं, म्हणून सायकलनं, अकरा किलोमीटर,
वारा बहुतेक समोरून.
लाकडं फोडतो, वाईट फोडतो.
एका शनिवारी आलाच नाही. मी फोन केला,
तासाभरात दारात, कान लाल, सबब एकही नाही.
नवी टपालपेटी त्यानंच रोवली.
इहायानं ती दोनदा उपटायला लावली, तिरपी म्हणून.
दुसऱ्यांदा ती तिरपी नव्हती.

माफीबद्दल लोक विचारतात, दुकानात, ब्रेडच्या रांगेत.
मी सुटे पैसे मोजते.

आणि एक गोष्ट मध्यस्थ बाईंना सांगितलेली नाही.
इहायाच्या बुटांची वेळ पूर्वी साडेसातची होती.
शनिवारी मी ती नऊवर नेली आहे,
सायकल फाटकातून आत येते, नेमकी तेव्हाची,
पायरीवर, उघड्यावर, सावकाश, दुहेरी गाठ.
तो बघतो. त्यानं बघावं म्हणूनच.

हे माझ्या हातून घडत नाही.
मी करते.