दहापैकी सात

धंतोलीत, कूलरच्या घरघरीत,
हेडाऊंचं स्कॅन खिडकीला लावून
मी बेरीज करते.
गाठ सातव्या खंडात, पार मागे,
दुर्बिणीकडे पाठ करून बसलेली: पाच.
साडेतीन सेंटिमीटर: एक.
मोठ्या शिरेला खेटून: आणखी एक.

"दहापैकी सात? शाळंत एवढे कधी भेटले नाही."
गोळीबार चौकात त्यांचं सावजी भोजनालय.
"बत्तीस साल कलेजी कापली म्या, मॅडम.
वरून सारीच गुळगुळीत.
कोनती चिवट निघन
थे सुरीलेच मालूम."

पाच भोकं, मी सांगते, नखाएवढी.
"अन् नाही जमलं तं?"
तर पोट उघडू.
मसाल्याचा भाव पटावा
तशी ते मान हलवतात.

ते गेल्यावर सात लिहिते, पेन्सिलीने.
खाली, पेनाने:
मोठा ट्रे तयार ठेवा.