उलटा पीळ

घोडपदेवला, वखारीच्या भिंतीला टेकून
उभी आहे शहात्तरची कोरोला.
रंग मोहरीचा. दारांच्या खालच्या कडा
खाऱ्या हवेने कुरतडलेल्या.
गाडी कारखानीसबाईंची,
म्हणजे त्यांच्या यजमानांची. ते बोटीवर इंजिनियर होते.
आता ते नाहीत, गाडी आहे,
आणि तक्रार एकच :
थंड असताना गुणी बाळ,
गरम झाली की सिग्नलला मान टाकते.

अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं.
राणीबागेच्या फाटकापर्यंत येते, पुढे नाही.

आधी पेट्रोल.
कार्बोरेटरला काचेचा एक डोळा असतो,
त्यात पातळी बरोबर मध्यावर.
मग हवा. जेट फुंकून फुंकून तोंड कडू झालं,
घाण निघाली ती चिमूटभर.
टॅपेटखाली वीसची पत्ती, तीसची पत्ती,
कुठे अडकत नाही, कुठे सैल नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाला :
एक-तीन-चार-दोन
एक-तीन-चार-दोन
(शाळेत अशी उजळणी म्हटली असती
तर छडी पडली असती)
एक-तीन-चार
आणि गप्प.

बाई स्टुलावर बसून बघतात.
"विकायची नाहीये," न विचारताच सांगतात.
"पवईचा एक मुलगा म्हणतो, नवं इंजिन टाकू.
मग ती तीच राहील का हो?"
मी म्हटलं, बॉनेट धरा जरा, दांडी सैल आहे.

शेवटी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली.
पॉइंटच्या एका अंगाला खड्डा,
समोरच्या अंगाला तेवढाच डोंगर.
म्हणजे कंडेन्सर.
बघतो तर फियाटचा!
पत्र्याची पट्टी कापून बसवलेला,
तारेला तार, वर काळी कापडी टेप.
कोण गाढव, असं तोंडातून गेलं,
आणि त्यापुढचंही, जे बाईंसमोर जायला नको होतं.

टेप सोलली.
तांब्याचा पीळ उलटा.
साडेपाच वेढे,
शेवटचा अर्धा आत दुमडलेला,
पुढच्याच्या बोटाला टोचू नये म्हणून.

असा पीळ मी एकाच हाताचा पाहिलाय.
पेटकरचाचा. दापोलीकडचे. डावरे.
पाना धरायला त्यांनीच शिकवलं,
मी उजवा, त्यामुळे सगळं इंजिन
आरशात बघितल्यासारखं शिकलो.
म्हणायचे, पार्ट नसेल तर अक्कल लाव,
पण माणूस घरी पोचव.
त्यांना आत्ता गाढव म्हणालो होतो.

बाई म्हणाल्या, थांबा, थांबा.
लेकीचे दिवस भरले होते,
रात्री नागपाड्याला बंद पडली होती.
लुंगीतले एक गृहस्थ आले, तोंडात बॅटरी धरून
डाव्या हाताने काहीतरी केलं.
पैसे घेतले नाहीत. म्हणाले, उद्या आणा,
बरोबर पार्ट टाकू.
"ते उद्या राहूनच गेलं बघा."
लेकीला आता चष्मा लागलाय, चाळिशीचा नव्हे,
पण जवळचाच.

ऑपेरा हाउसला, चौथ्या दुकानात,
मिळाला जपानी कंडेन्सर. डबी पिवळी पडलेली.
नवा पॉइंट, फट पंचेचाळीस.
तार मात्र चार बोटं आखूड.
जोडायला घेतली आणि हात उलटा फिरला.
फिरू दिला.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे आपण शिवीसारखं म्हणतो लोकांना.

राणीबाग गेली.
भायखळ्याचा पूल चढली, दुसऱ्यावर, कुरकुर न करता.
बारा मिनिटं. तेरा.
नागपाड्याच्या सिग्नलला लाल दिवा,
आम्ही दोघं काही बोललो नाही,
माझ्या खिशात फियाटचा कंडेन्सर, अजून कोमट,
एक-तीन-चार-दोन
एक-तीन-चार-दोन

हिरवा झाला.
बाई म्हणाल्या, "हॉर्न वाजत नाही मात्र."